धाकट्याची मान

आमच्या घरात दोन महिने एकच वाद चालला होता. गाड्यांच्या शर्यतीचा गेम रुंद मॉनिटरवर खेळावा, की डोळ्यांवर हेडसेट चढवून? ऐकणाऱ्याला वाटेल, घरात शाळकरी पोरं असतील. वाद घालणारे होते माझा भाऊ, वय वर्षं एक्कावन्न, आणि त्याची मुलगी, वय वर्षं सव्वीस. मी अठ्ठावन्नची. त्या दोघांचं ऐकत खाली वर्कशॉपात मशीन चालवायची आणि मनात म्हणायची, देवा, माझ्या कानांनासुद्धा कव्हर शिवता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी गाड्यांच्या सीटा शिवते. फोम, रेक्झिन, कापड, बत्तीस वर्षं हेच. बस डेपोचं कामही माझ्याकडेच असतं. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. खाली माझं वर्कशॉप आणि खोली, वर भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. भावाला मी अजून धाकटाच म्हणते. त्याच्या मुलीला आम्ही चिऊ म्हणतो. कंपनीत ती गेममधल्या चुका शोधते आणि त्याचा तिला पगार मिळतो. मी आयुष्यभर लोकांच्या चुका फुकट शोधत आले.

धाकटा बस चालवायचा. पंचवीस वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा नाही. मागच्या वर्षी तो सिग्नलला शांत उभा असताना एका ट्रकने मागून येऊन ठोकलं. प्रवाशांना काही झालं नाही, पण याच्या मानेला मार बसला. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं. चार महिने गळ्याला पट्टा, मग व्यायाम, मग आणखी व्यायाम. शेवटी डॉक्टरांनी मोजपट्टी लावून सांगितलं की मान जवळजवळ पहिल्यासारखी वळते.

वळायची, पण सांगितल्यावर. 'डावीकडे बघा' म्हटलं की हनुवटी खांद्यापर्यंत जायची. कोणी सांगितलं नाही की मान खुंटीसारखी सरळ आणि डोळे तेवढे इकडेतिकडे. डेपोच्या चाचणीत तेच झालं. परीक्षकाने गाडी मागे घ्यायला सांगितली, याने मान न वळवता आरशात डोळे फिरवले, आणि डावीकडचा प्लास्टिकचा खांब चाकाखाली गेला. तीन महिन्यांनी एकदाच पुन्हा संधी मिळणार होती. तीही हुकली की कायमचा सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये. तोपर्यंत त्याला तिथेच बसवलं होतं, बल्ब आणि पट्टे देत.

"ताई, मी बल्ब देत देत म्हातारा होणार," तो एकदा म्हणाला. हसत म्हणाला, पण मला रात्रभर ते पुरलं.

शर्यतीच्या गेमची कल्पना चिऊची. कंपनीतून तिने जुनं सामान मागून आणलं. स्टिअरिंग, पायाखालचे पेडल, जेवणाच्या टेबलाएवढा रुंद, वाकडा मॉनिटर आणि हेडसेट. दोन्ही वापरून बघा म्हणाली. मॉनिटर टेबलावर बसला तो उठलाच नाही. घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन जेवायला लागले. वहिनी म्हणाली, सवत आणली असती तर तिने निदान भांडी तरी घासली असती.

सीट अर्थात मी केली. दुसऱ्या कुणाला करू दिली असती का? भंगारातल्या बसची चालकाची सीट आणली, स्प्रिंगा बदलल्या, तीन थरांचा फोम घातला, वर निळं मखमली कापड. आणि डोक्याच्या टेकूला दोन्ही बाजूंनी पंख शिवले, मऊ, आत वळलेले, धाकट्याच्या डोक्याच्या मापाचे. मानेला झटका बसू नये म्हणून. इतकं सुबक काम मी आजवर केलं नव्हतं. धाकटा त्यात बसला, डोकं टेकलं आणि डोळे मिटून म्हणाला, ताई, वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं. मला अगदी भरून आलं.

हेडसेट त्याने एकदाच घातला. चार मिनिटांत घाम फुटला, पाचव्या मिनिटाला वहिनीने बादली आणली. त्या डबड्यात पुन्हा डोकं घालणार नाही, असं त्याने त्या बादलीवर वाकूनच जाहीर केलं. मॉनिटरचे गुण मात्र तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. चित्र कसं स्वच्छ, चष्मा घालून बसता येतं, हाताशी पाणी ठेवलेलं दिसतं, मळमळत नाही. आणि खेळायचाही झकास. अठरा गाड्यांत आधी नववा, मग पाचवा, मग तिसरा. आम्ही चहा घेऊन मागे बसायचो आणि तो वळण घेताना आम्हीपण वाकायचो. आता चाचणी म्हणजे काय मोठीशी, असं सगळ्यांना वाटायला लागलं.

चिऊला तसं वाटत नव्हतं. तिचं म्हणणं, बाबा डोळ्यांनी चालवतात. सगळा रस्ता एका पडद्यात समोर मांडलाय, मग मान कशाला हलवतील? हेडसेटमध्ये डावीकडचं बघायचं तर डोकंच डावीकडे न्यावं लागतं. धाकटा म्हणायचा, तिसरा नंबर काय मान न वळवता येतो? ती म्हणायची, हो, तसाच येतो. की परत पहिल्यापासून.

मी तेव्हा धाकट्याच्या बाजूची होते. सरळ सांगते, माझी सीट त्याला आवडली होती, म्हणून मला मॉनिटर आवडला होता.

चाचणीला पाच आठवडे उरले असताना सीटची एक शिवण सुटली. धाकटा स्टोअरमध्ये गेलेला. मी वर गेले, सुई ओवली आणि टेकूवरचं कापड हातात धरलं. मखमलीचं एक असतं, जिथे अंग घासतं तिथली लव झोपते. बस चालकांच्या सीटा मी शेकड्यांनी उघडल्यात. चांगल्या चालकाच्या सीटचं कापड डाव्या खांद्याशी आधी विरतं, कारण माणूस दर थांब्याला, दर वळणाला तिकडे फिरतो. कापड बघून मी सांगू शकते, चालक सावध आहे की आळशी.

धाकट्याच्या टेकूवर बरोबर मधोमध एक गोल झिजला होता, रुपयाएवढा. बाकी सगळी लव आजच दुकानातून आणल्यासारखी ताठ. पंखांच्या आत तर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

मी सीटवर बसले. डोकं टेकलं, पंखांनी ते स्पर्श न करताच दोन्हीकडून घेरलं. समोर तो भला मोठा पडदा. मान वळवायचं मनातसुद्धा येईना. लहान बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळतात ना, तसं. पडद्याचा काही दोष नव्हता, तो बिचारा त्याचं काम करत होता. धाकट्याची मान मी बांधून ठेवली होती. माझ्या हातांनी, तीन थरांचा फोम घालून.

हे मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर ते पंख फाडणं माझ्या जिवावर आलं होतं. तिसऱ्या दिवशी कात्री घेऊन वर गेले. धाकटा सीटवरच बसला होता, शर्यत सुरू व्हायची होती. मी त्याला उठवलं आणि डाव्या पंखाची शिवण उसवायला लागले.

"काय करतेस ताई?"

"तुझी मान सोडवतेय."

"अगं, तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम आहे ते."

"म्हणूनच तर."

त्याने माझा हात धरला. मला वाटलं, चिडला. पण तो चिडला नव्हता. हळूच, चिऊला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "मला भीती वाटते गं. मान वळवली की वाटतं, आता मागून धक्का बसणार. या पंखांत डोकं असलं की तेवढा वेळ नाही वाटत."

एक्कावन्न वर्षांचा माणूस, साठ-साठ प्रवासी घेऊन घाट उतरणारा. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण जवळ घेऊन घेऊनच तर मी हे करून बसले होते.

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "म्हणूनच शिवले होते. पण बसमध्ये पंख नसतात रे."

त्याने हात सोडला. दुसरा पंख त्याने स्वतः उसवला. टाके ओढताना कापड दोन ठिकाणी फाडलं, मी फाडू दिलं.

मग डबड्याची पाळी. बादली झाली होती, हे एक घोडं अडलेलं, आणि दुसरं म्हणजे तो जडपणा. धाकट्याचं म्हणणं, मान पुढे ओढली जाते. बघूया तरी म्हणून मी हेडसेट माझ्या काट्यावर ठेवला. अर्ध्या किलोच्या वर, आणि सगळं वजन नाकाच्या बाजूला. मी चिऊला म्हटलं, ज्याने कुणी हे केलं त्याने एकदाही सीट शिवलेली दिसत नाही. मागच्या पट्ट्याला मी रेक्झिनची छोटी पिशवी शिवली आणि धाकट्याने स्टोअरच्या भंगारातून आणलेले लोखंडी वॉशर त्यात एकेक करून घातले. सात वॉशर घातल्यावर तोल साधला. एकूण वजन वाढलं, पण डोकं पुढे ओढलं जाईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना दाखवलं. त्यांनी घालून बघितलं आणि दहा मिनिटांच्या वर नको, या अटीवर हो म्हणाल्या. मळमळीवर चिऊचा तोडगा असा, की तोंडावर पंखा सोडायचा आणि पोटात जरा जरी ढवळलं की लगेच थांबायचं, मर्दुमकी दाखवायची नाही.

पहिल्या दिवशी तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी चार. चवथ्या दिवशी सहा, आणि बादली कोरडी. शर्यतीत मात्र अठरा गाड्यांत अठरावा. चिऊने गेममधले आरसे बंद केले होते. डावीकडून गाडी आली की याला कळायचंच नाही. धडक बसायची, गाडी गवतात. मॉनिटरवर तिसरा येणारा माणूस रोज गवतात जायला लागला की त्याचा चेहरा कसा होईल, ते सांगायला नको. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. एकदा हेडसेट काढून म्हणाला, हा गेमच खोटा आहे. चिऊ म्हणाली, बाबा, गेममधल्या चुका शोधणं माझं काम आहे, यात ती नाही.

आठ दिवस गेले. मिनिटं वाढली, पण मान नाही. शर्यत सुरू झाली की धाकटा आपला समोर बघत ताठ. आम्ही 'डावीकडे बघ' म्हणायचो, की बघायचा. म्हटलं नाही की बघायचा नाही. माझा धीर सुटत चालला होता. स्वयंपाकघरात वहिनीला म्हटलं, स्टोअरमध्ये सावली तरी आहे, उन्हातान्हात बस चालवण्यापेक्षा बरं. वहिनीने माझ्याकडे अशी नजर टाकली, की पुढचं वाक्य मी गिळलं.

नवव्या दिवशी चिऊ तिच्या लॅपटॉपवरून त्याच शर्यतीत उतरली. तिची लाल गाडी, याची पांढरी. मी मागे बसून उशीचा अभ्रा शिवत होते. एका वळणावर तिने गाडी डावीकडून आत घुसवली आणि याला घासून पुढे निघाली.

धाकट्याचं डोकं गर्रकन डावीकडे फिरलं. हनुवटी थेट खांद्यावर.

"ओ शहाणे, डाव्या बाजूनं कुठे घुसताय? घरी कोणी वाट बघत नाही का तुमची?"

माझी सुई हातातच राहिली. हे वाक्य आम्ही पंचवीस वर्षं ऐकत आलोय. डावीकडून घुसणाऱ्या कोणालाही तो हेच ऐकवायचा, आणि आरशात बघून नाही, तर खिडकीतून त्याच्या तोंडाकडे बघून. माणसाला बोलायचं तर त्याच्याकडे बघून बोलावं, असा त्याचा नियम. मॉनिटरवर शेजारची गाडी म्हणजे कडेला एक रंगीत पट्टी. पट्टीला कोण बोलणार? हेडसेटमध्ये ती गाडी खरोखरीच बाजूला होती, तिच्यात हेल्मेट घातलेला एक माणूस बसला होता, आणि त्या माणसाला बोलल्याशिवाय धाकट्याला राहवलं नाही.

चिऊने माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं. सांगितलं आणि मान पुन्हा घाबरून बसली तर? त्याला आम्ही चाचणीपर्यंत काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून चिऊइतकी वाईट गाडी जगात कोणी चालवली नसेल. डावीकडून घुसायची, उजवीकडून आडवी यायची, विनाकारण ब्रेक मारायची. आणि धाकटा दोन्हीकडे मान वळवून वळवून तिला अक्कल शिकवायचा, घामाघूम होऊन, अगदी आनंदात. नंबर तेरावा-चौदावाच येत होता. त्याबद्दल तो आता काही विचारत नव्हता. मॉनिटर पुसून वहिनीने कपाटामागे उभा केला आणि आम्ही पुन्हा टेबलावर जेवायला लागलो.

चाचणीच्या दिवशी धाकट्याने बजावलं होतं, कुणी यायचं नाही. वहिनी आणि चिऊ शहाण्या, त्या गेल्या नाहीत. मी गेले. डेपोत माझं येणंजाणं असतंच, पहारेकरी ओळखतो. सकाळी दहाला त्याच्या टपरीमागे, फाटकाच्या डाव्या बाजूला लपून उभी राहिले.

बस आली. परीक्षक चालकाच्या मागे उभा, दोरीला चष्मा लटकवलेला, हातात कागद. गाडीला फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळायचं होतं. मला बसच्या काचेमागचा धाकटा दिसेना, मधे लोखंडी पट्टी येत होती. एवढ्यासाठी आले आणि त्याचा चेहराच दिसू नये, म्हणून मी दोन पावलं पुढे सरकले. मग आणखी एक. पायाखाली पांढरी रेघ होती, ती मी बघितलीच नाही. बसचं तोंड वळायला लागलं आणि तो सगळा डोलारा माझ्या अंगावर यायला लागला.

तेव्हा मला कळलं, मी कुठे उभी आहे. सरळ त्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथलं त्याला वर्षभर दिसत नव्हतं. मनात एकच आलं, आधी पंख शिवून घात केला, आता चाचणीत आडवी आले. या पोराच्या मुळावर मीच उठलेय.

बस थांबली. माझ्यापासून चांगली दोन हात दूर. दाराच्या काचेतून धाकट्याचा चेहरा दिसला, पूर्ण समोरून, जसा फोटोत दिसतो तसा. डोळे नाही नुसते. अख्खं तोंड माझ्याकडे.

"ताई, अक्कल गहाण ठेवलीस का?" तो ओरडला. सगळा डेपो वळून बघायला लागला. "गाडीच्या डाव्या अंगाला कुणी उभं राहतं? घरी कोणी वाट बघत नाही का तुझी?"

जन्मात तो मला कधी आवाज चढवून बोलला नव्हता. मी मागे झाले. परीक्षक खाली उतरला आणि म्हणाला, तुम्ही कोण? सीटा शिवते, असं आधी म्हणाले, पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, म्हणून सांगून टाकलं की बहीण आहे. चूक माझी आहे, त्याचे गुण कापू नका. त्याने चष्मा चढवला, माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि म्हणाला की बाई, बाजूला व्हा, अजून गाडी मागे घ्यायची राहिलीय.

गाडी मागे घेताना मी डोळे मिटून घेतले होते. पहारेकऱ्याने सांगितलं, तिन्ही खांब उभे आहेत.

कागद दुपारी मिळाला. धाकट्याने तो वर्कशॉपात माझ्या मशीनवर आणून ठेवला. बस चालवण्यास योग्य, असं लिहिलं होतं. खाली शेरा होता: 'मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते. पादचाऱ्यांशी बोलताना भाषा सौम्य असावी.' मी तो शेरा तीनदा वाचला. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. चिऊ म्हणाली, आत्या, या कागदाला कव्हर शिव.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर धाकटा जिन्याशी घुटमळला. म्हणाला, ताई, सगळ्यांदेखत तुला बोललो, राग आला का? मी सुईत दोरा ओवत होते. आला, मी म्हणाले. उद्या पहिल्या फेरीला परत तिथेच उभी राहते, मग बघते कसा बोलतोस.

तो जिना चढायला लागला. चार पायऱ्या गेल्यावर थांबला आणि डाव्या खांद्यावरून मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "उभी राहून तर बघ."

वळून बघायला त्याला कोणीही सांगितलं नव्हतं.